कसा वाजला ते येऊन सांग

हे लिहायला मी योग्य माणूस नाही. नम्रता म्हणून म्हणत नाही, खरंच नाही. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे रेशनचा नाहीतर शाळेचा फॉर्म भरणं. ते काम मी पाचवीपासून करते, पण तेवढंच. मी विज्ञान शाखेची. संगीत मला कळत नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांचं काम मला येत नाही. शिवाय मी त्यांच्याशी जशी वागले ते पाहता त्यांच्याबद्दल चार बरी वाक्यं लिहायचा हक्क मला आहे का, हेही नक्की सांगता येत नाही. मराठीच्या मॅडमना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग एवढंच लिही, बाकीचं आपोआप येईल." आपोआप काही आलं नाही. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. वार्षिकांक वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "नाव कशाला, वाद्याचं लिही." आमच्या भजनी मंडळात सगळे त्यांना पुडीवाले म्हणायचे. पखवाज, तबला, ढोलकी यांच्या तोंडावर बकरीचं जे कातडं ताणून बसवतात त्याला पुडी म्हणतात. तिच्या मधोमध काळा गोल असतो, ती शाई. लोखंडाची बारीक पूड आणि शिजवलेला भात एकत्र करून, थरावर थर देत दगडाने घोटलेली. पुडी बांधायची, शाई भरायची, सुरात आणायची, फाटली की उतरवून दुसरी बांधायची. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

चारकोपच्या मार्केटमागे एक गल्ली आहे. तिथे झेरॉक्सचं दुकान आणि दुचाकीचं गॅरेज यांच्यामध्ये त्यांचा गाळा होता. पाटी नव्हती. दाराच्या खिळ्याला कातड्याची एक पट्टी टांगलेली असायची, बोंबील सुकत घातल्यासारखी. सकाळी शटर वर केलं की ते तिच्यावर बोटाने टिचकी मारायचे, कान लावून ऐकायचे आणि गल्लीला सांगायचे, "आज हवा जड हाय." मग गॅरेजवाला मुकाट्याने बाहेरच्या गाड्यांवर ताडपत्री ओढायचा. तो म्हणायचा, "मोबाइलवरचं हवामान चुकतं, काका चुकत नाहीत."

ते घाटावरचे, आम्ही कोकणातले. आजोबा गिरणीत होते, तेव्हापासूनचा एक पखवाज आमच्या घरात आहे. आता तो बाबा वाजवतात. बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकचे डबे करणाऱ्या कारखान्यात मशीनवर असतात. मी फर्स्ट इयरला होते त्या श्रावणात त्यांना रजा मिळेना, म्हणून पखवाज मांडीवर घेऊन रिक्षातून मी गेले. मला वाटलं होतं वस्तू द्यायची, कधी मिळेल विचारायचं आणि निघायचं. पण ती तोंडी परीक्षा निघाली.

"कुठं झोपवता ह्याला?" त्यांनी विचारलं.

"कपाटावर."

"कपाट कुठल्या भितीला?"

"बाथरूमच्या."

"हं. गुंडाळता कशात?"

"प्लास्टिकच्या पिशवीत. मोठ्या, गादीच्या."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "तुला घालू का प्लास्टिकच्या पिशवीत?"

झेरॉक्सवाला हसला. मला कुठे बघावं कळेना.

"जनावर हाय ते," ते म्हणाले. "मेलं म्हणून काय झालं. घाम येतो त्याला, तहान लागते. सुती कापड, आणि वारा लागल अशी जागा. डाव्या अंगाला कणीक लावता, ती कार्यक्रम झाल्यावर खरवडता का तशीच ठेवता?"

पखवाजाच्या डाव्या बाजूला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्याने आवाज खोल होतो. ती वाळू दिली तर कातडं खाते. "बाबा काढतात," मी म्हणाले.

"नशीब," ते म्हणाले, आणि पखवाज मांडीवर घेऊन माझ्याकडे पाठ केली. परीक्षा संपली हे मला उशिरा कळलं.

आठ दिवसांनी आणायला गेले तेव्हा त्यांनी तो लगेच दिला नाही. पुडीच्या कडेला कातड्याची वेणी असते, तिला गजरा म्हणतात. त्या गजऱ्यावर फिरत फिरत सोळा ठिकाणी सूर जुळवावा लागतो. त्या सोळा जागांना ते घरं म्हणायचे. एकेका घरापाशी ते एका बोटाने वाजवून बघायचे. "सोळा बिऱ्हाडं," मला म्हणाले, "एकानं तोंड वाकडं केलं की सगळी चाळ बिघडली." मग कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी पुढे केला, पण सोडला नाही.

"झाल्यावर येऊन सांगायचं."

"काय सांगायचं?"

"कसा वाजला ते."

मी हो म्हणाले तेव्हा त्यांनी हात काढले.

हे ते प्रत्येकाला म्हणायचे. गल्लीत त्याची चेष्टा व्हायची. गॅरेजवाला म्हणायचा, "काका, क्यूआर कोड लावा. लोक फाइव्ह स्टार देतील." त्यांना त्यातलं काही कळत नसावं. एकदा मात्र ते माझ्या देखत बोलले, गॅरेजवाल्याला नाही, हातातल्या डग्ग्याला बोलल्यासारखे. "फाटलं की माणूस रिक्षा करून येतो. दारात उभं राहून वरडतो. नीट वाजलं हे सांगायला आजवर कुणी रिक्षा केली न्हाई."

मला वाटतं, यात तक्रार नव्हती. त्यांना फक्त माहीत हवं होतं. त्यांच्या हातून वाद्य जायचं ते नीट होऊन जायचं, आणि परत यायचं ते बिघडूनच यायचं. मधलं जे असतं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते त्यांना कधी भेटतच नव्हतं.

अंधेरीहून तबला शिकवणारा एक तरुण यायचा. महाग बाइक, पाठीवर दोन गोल बॅगा. तो तबल्यावर फोन धरायचा. फोनमध्ये सूर जुळला की हिरवा दिवा लागायचा. "झालं काका, परफेक्ट."

"एका घराचं झालं," पुडीवाले म्हणाले. "पंधरा राहिली. त्यांना पण दाखव तुझा दिवा."

तो हसला. चांगला मुलगा होता. जाताना हे तबल्यावरचा हात काढेनात, तेव्हा तो म्हणाला, "काका, व्हिडिओ पाठवतो ना कार्यक्रमाचा."

"माझा फोन साधा हाय."

"मग फोन करतो."

"फोनमधी वाद्य नसतं. तू ये."

तो म्हणाला येतो, आणि आला नाही. पुढचे कित्येक दिवस गॅरेजसमोर बाइक थांबली की यांची मान वर व्हायची. मी तेव्हा नोट्सच्या झेरॉक्ससाठी रांगेत असायचे, म्हणून मला दिसलं. नाहीतर हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मी मात्र गेले होते. त्या पहिल्या गणपतीत आमच्या मंडळाचं भजन झालं आणि तिसऱ्या दिवशी मी डब्यात दोन करंज्या घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. यात माझं काही मोठेपण नाही. मी हो म्हणाले होते, एवढंच. शाळेत असल्यापासून मी हो म्हटलेलं करून टाकते, नाहीतर झोप लागत नाही.

"काका, छान वाजला."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, गॅरेजच्या आवाजासाठी असेल, आणि बसायला पाट सरकवला.

"छान म्हंजे?"

मी आठवून आठवून सांगू लागले. अभंग कुठला होता, मंडळात मुख्य गाणारे आमचे बुवा, त्यांची पेटी कुठल्या पट्टीत होती, गजराला लय वाढली तेव्हा काय झालं. कोकणातल्या भजनात शेवटी शेवटी नुसत्या नामाचा जलद गजर होतो, तिथे पखवाजाची खरी कसोटी. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. पेटीत बुडाला का? टाळांच्या वर आला का? सगळ्यात लांब कोण बसलं होतं, त्याला ऐकू आलं का? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती. घरी येताना मी ठरवलं, पुढच्या वेळी नीट ऐकायचं. दत्तजयंतीला मी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आई म्हणाली, "तिकडे काय गो बसतंस, पुढे ये." मी म्हटलं, मला काम आहे.

त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी सहज म्हणाले, "काका, काहीतरी वाजवा ना." त्यांनी एका बोटाने ता काढला आणि म्हणाले, "हे. एवढंच येतं."

"शिकला नाहीत?"

"वाजवणारे वेगळे, आम्ही वेगळे."

"मग ऐकायला तरी या. बाबा दर वर्षी बोलावतात."

त्यांनी गजऱ्यावर दोन ठोके मारले. "पूर्वी गेलो होतो एकदा. आपलं म्हणून गेलो, पखवाज स्वतः पोचवला. मंडळ चांगलं होतं, तुमचं नव्हे. दारात सगळे पुढं आले. वाद्य आत घेतलं. मला म्हणाले, बसा हितं, चपलांवर जरा लक्ष ठेवा." मग म्हणाले, "ठेवलं. एक चप्पल गेली न्हाई."

मी त्यानंतर त्यांना या म्हटलं नाही. दर कार्यक्रमानंतर मीच जात राहिले.

त्यांनी मला हातोडी धरायला शिकवली, तीही माझ्या हट्टामुळे. सूर उतरला असेल तर गजऱ्यावर वरून ठोका, चढला असेल तर खालून. हळू, आणि समोरासमोरची घरं धरून. "आन् एक ध्यानात ठेव. हवा ओली असली की कातडं उतरतं. तवा हातोडीनंच चढवायचं. इस्तव दाखवायचा न्हाई, बल्ब न्हाई, ऊन न्हाई, काई न्हाई. ऊब लागली की लगेच गोड बोलतं ते. पण मनातनं तुटलेलं असतं."

हे मी ऐकलं होतं. विसरले नव्हते. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

सेकंड इयरच्या गणपतीसाठी त्यांनी आमच्या पखवाजाला नवी पुडी बांधली. महिनाभर त्यांनी तिच्यावर काम केलं. देताना नेहमीसारखं बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "ही बरी झालीय." त्यांच्या तोंडून एवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

भजन आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सातला. नंतर बोरिवलीचं मंडळ गाणार होतं, त्यामुळे बुवा जरा तणावात. बाबा कारखान्यातून थेट येणार होते. सहा वाजता बुवांनी पेटीवर सूर धरून पाहिला तर पखवाज उतरलेला. दिवसभर हवा दमट होती. बुवा मला म्हणाले, "तू जातंस मा त्या पुडीवाल्याकडे? मग जरा चढव बघू."

मी पखवाज वर घरी नेला. तिसराच ठोका तिरका बसला आणि एक घर भलतंच वर गेलं. ते खाली आणताना शेजारचं बिघडलं. साडेसहा झाले. कॉलेजच्या डान्ससाठी मैत्रिणीचा हेअर ड्रायर मी आणलेला होता, तो समोर पलंगावर पडला होता. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. ओलावा गेला की कातडं आखडणार, ताण वाढणार, सूर चढणार. वहीत लिहिल्यासारखं मला सगळं दिसलं. इस्तव म्हणजे आग. ही आग नव्हे, हे मी स्वतःला सांगितलं.

दहा मिनिटांत सूर बरोबर पट्टीवर आला. सोळाच्या सोळा घरं सारखी. मला अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला. बुवा म्हणाले, "झकास."

दुसऱ्या गजरात पुडी फुटली. कुणाला तरी थोबाडीत मारावी तसा आवाज आला आणि बाबांचा हात कातड्याच्या आत गेला. टाळ दोन-चार वेळा वाजले आणि थांबले. बोरिवलीच्या मंडळाने आपली ढोलकी दिली आणि त्या ढोलकीवर आमचं भजन कसंबसं संपलं. बाबांनी पखवाजावर कापड घातलं. बुवा म्हणाले, "नवी पुडी, महिनो पण झालो नाय. म्हाताऱ्याचो हात गेलो." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा स्वतः पखवाज घेऊन पुडीवाल्यांच्या गाळ्यावर गेले. काय झालं ते त्यांनी आमच्या घरी येऊन चहा पिताना सांगितलं. भर गल्लीत बोलले म्हणे ते त्यांना. पुडीवाल्यांनी फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "चढवला कुणी?"

"मी म्हटलंय, ह्यांच्या पोरीन," बुवा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "तुम्हीच शिकवलात मा तिका? तर म्हणता कसो, हो, मीच शिकवलं. दुसरी बांधून देतो. म्हणजे मान्य केल्यान."

बाबा माझ्याकडे बघत होते की कपाकडे, मला आठवत नाही. मी उठून आत गेले. पुडी मी जाळली, त्यांच्या हातात काही दोष नव्हता, एवढी दोन वाक्यं मला बोलायची होती. ती त्या सकाळी बोलता आली असती.

मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला की चारकोपच्या पुडीवाल्याकडे कुणी वाद्य देऊ नका, वय झालं आहे. आणखी दोन मंडळांनी आपली वाद्यं तिथून उचलली. मी कॉलेजला जायचा रस्ता बदलला. झेरॉक्ससाठी दुसऱ्या सेक्टरला जाऊ लागले. रोज ठरवायचे, आज जाऊन सांगायचं. रोज काहीतरी असायचं, प्रॅक्टिकल, परीक्षा, आईची तब्येत. दिवाळीच्या सुमारास एकदा कोपऱ्यावरून पाहिलं. ते दारात बसले होते. मांडीवर वाद्य नव्हतं, आणि त्यांना मी कधीच रिकाम्या मांडीने बसलेलं पाहिलं नव्हतं. हात तसेच धरलेले होते, काहीतरी मावेल एवढे लांब. समोर एक बाइक थांबली आणि त्यांनी मान वर केली. मी मागे वळले.

होळीनंतर गाळ्याचं शटर खाली दिसलं, पुढच्या आठवड्यातही तसंच. मग मी झेरॉक्सवाल्याला विचारलं.

"मुलगी घेऊन गेली मुलुंडला," तो म्हणाला. "काम नव्हतंच काही. नुसते बसायचे. आणि तू कुठे गायब झालीस यार? दोन-तीनदा विचारत होते, ती कॉलेजवाली आजारी आहे का म्हणून."

मी त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. तो कागद दीड महिना माझ्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात होता.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर दोन बस बदलून मी मुलुंडला गेले. नवी इमारत, अकरावा मजला. दार त्यांच्या मुलीने उघडलं. ती शाळेत क्लार्क आहे. "बाबांकडे?" तिने पुन्हा विचारलं. "बाबांकडे कुणी येत नाही हो." मग मला आत घेतलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सामान आणू दिलं नाही मी त्यांना. कातड्याचा वास सोसायटीत चालत नाही. त्यांना वाईट वाटलं असेल, पण काय करणार."

ते काच लावलेल्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. त्यांनी मला ओळखलं, पण जणू मी कालच येऊन गेले होते अशा सुरात म्हणाले, "हितं हवा कळत न्हाई. खिडक्या बंद असतात."

मी उभ्या उभ्याच बोलले. बसले असते तर बोलता आलं नसतं. "काका, पुडी तुमच्यामुळे नाही फुटली. मी गरम केली होती. तुम्ही नको म्हणाला होतात तरी."

"ठावं हाय," ते म्हणाले. "कडंचं कातडं पापडासारखं झालं हुतं. शाई उठली हुती. फक्त कशानं, ते कळलं न्हाई. गॅसवर धरलास?"

"हेअर ड्रायर."

"केसांचा?"

"हो."

"शिकलेली माणसं," ते म्हणाले.

मला रडू आलं होतं, पण त्यातच हसूही आलं. मी विचारलं, "मग बुवांना का नाही सांगितलंत? सगळे तुम्हाला बोलले."

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला परत वाद्याला हात लावू दिला नसता."

"मी आधी यायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "यायला पायजे हुतंस. मी वाट बघितली."

त्यांनी ते मऊ करून सांगितलं नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. खाली कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा पीप-पीप आवाज येत राहिला, काचेमुळे अगदी बारीक. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. बोटांवरचे घट्टे गेले होते. हात कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

"फुटला ते बुवांनी सांगितलं," ते म्हणाले. "फुटल्याचं सांगायला येतात. त्याच्या आधी तासभर वाजला असंल तो. त्याचं कुणी काई बोललं न्हाई. ती पुडी बरी झाली हुती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कसा वाजला?"

मी खाली फरशीवर बसले. त्या दिवशी मी जेवढं ऐकलं होतं तेवढं आधी कधीच ऐकलं नव्हतं, कारण सूर हलतो की काय या भीतीने मी श्वाससुद्धा हळू घेत होते. मला सगळं आठवत होतं. पहिला अभंग विलंबित होता. पखवाज पेटीत बुडाला नाही, पेटीच्या खाली जमिनीसारखा पसरला. बाबा वाजवताना कधी मान हलवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकदा वाकून पखवाजाकडे पाहिलं, कुणी हाक मारल्यावर बघतात तसं. मी बोलत होते आणि ते मधेमधे विचारत होते, टाळ किती होते, हॉलला पंखे चालू होते का, दार उघडं होतं का. तोंड वळवून ते काचेबाहेर बघत होते, पण एकही शब्द त्यांच्या हातून सुटत नव्हता.

पहिल्या गजरापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा."

मुलगी हात पुसत आली. "काय हवंय बाबा?"

"काई नको. बस हितं. ही आमच्या पुडीचं सांगतीय, ते ऐक." आणि मला म्हणाले, "पयल्यापासनं सांग."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. विलंबित अभंग सांगितला, बाबांनी वाकून पाहिलं ते सांगितलं. मग सांगितलं की पहिला गजर सुरू झाला तेव्हा मी शेवटच्या रांगेतून उठून हॉलच्या बाहेर गेले होते, किती लांब ऐकू येतं ते बघायला. कंपाउंडच्या मागच्या गेटवर आमचा वॉचमन असतो, बिहारचा आहे, मराठी त्याला फारसं येत नाही. तो गेट सोडून, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून हॉलच्या खिडकीखाली येऊन बसला होता. मी विचारलं, क्या हुआ, तर त्याने मला हाताने गप्प बसायची खूण केली.